उपाशी वाफा

दोन्ही वाफ्यांतला मका खांद्याला खांदा लावून उभा होता, आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

संशोधन केंद्राच्या मॅडमनी एका वाफ्याला नवं खत दिलं होतं आणि दुसऱ्याला मुद्दाम काहीच नाही. खताचा गुण कळायचा तर एक वाफा उपाशी राहायलाच हवा, हे त्यांनी पेरणीच्या वेळीच समजावलं होतं. रान आक्कांचं, प्रयोग दोघींचा, आणि निकाल शेतकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून द्यायचा. तेच आज जमले होते. खत कुचकामी आहे, असं म्हणून दोघंतिघं घराकडे वळलेसुद्धा. मॅडमचा चेहरा एवढासा झाला.

"खताला बोल लावू नका," शेवटी आक्का म्हणाल्या. "मीच याला शेणखत घालत होते."

"आक्का, पण का?"

"शेजारचा जेवतोय आणि हा नुसता बघतोय. नाही बघवलं मला."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचा अख्खा हंगाम पाण्यात गेला होता. आक्कांचा जन्म वाढण्यात गेलेला. दीर, नणंदा, दोन मुलगे, कुणाच्या ताटात त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही. तोच चांगुलपणा असा अंगाशी आला, आणि पोरीसारख्या मॅडमचे भरलेले डोळे बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या हंगामाला मॅडम दुसरं रान शोधताहेत असं कानावर आलं, तशा आक्का आपणहून केंद्रावर गेल्या. या खेपेला हात आवरेन, माझंच रान घ्या, म्हणाल्या. मॅडमनी जरा विचार केला आणि घेतलं.

आक्कांनी हात आवरला, पण फार जड गेलं त्यांना. वाफा पिवळा पडायला लागला तशी त्यांनी विहिरीची वाट बदलली. लांबून वळसा पडायचा, पण तो दिसायचा नाही. एवढं काय मनाला लावून घेता, मकाच तर आहे, असं सून म्हणायची. आक्का घागर उचलून लांबच्या वाटेला लागायच्या.

निकालाच्या दिवशी बांधावरूनच फरक दिसला. आम्हालाही हे खत द्या म्हणून लोकांनी मॅडमना गराडा घातला. मॅडमनी त्यातून वाट काढत येऊन आक्कांना मिठीच मारली. मग फोटोसाठी हाका सुरू झाल्या. तुम्ही व्हा पुढं, आलेच मी, असं म्हणून आक्का मागं राहिल्या.

त्या उपाशी वाफ्यात उतरल्या. रोपं जेमतेम गुडघ्याएवढी, कणसं धरलीच नव्हती. त्यांच्या सुकल्या पानांवरून हात फिरवत आक्का हळूच म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नव्हतं रे बाळांनो."