होई आनच्या होड्या
अमेरिकेतल्या बॉथेलच्या ऑफिसात जेवता जेवता सौमित्र व्हिएतनामच्या ट्रिपचं प्लॅनिंग करत होता. नदीकाठचं जुनं होई आन त्याला तिथल्या ऐन पावसाळ्यात बघायचं होतं. समोर बसलेली त्याची सहकारी थुई मूळची तिथलीच. त्याने उत्साहाने विचारलं, “ऑक्टोबरमध्ये पूर आला की रस्त्यांवरून होड्या चालतात ना? फोटो काय भारी येतील!”

“चालतात,” थुई शांतपणे म्हणाली. “तशाच एका होडीतून माझ्या आईला माडीवरून उतरवलं होतं. दोन दिवस उपाशी होती ती.”

सौमित्रने हातातला घास परत डब्यात ठेवला. मान खाली घालून तो कसाबसा “सॉरी” म्हणाला.

थुईने कागदावर आईचा पत्ता लिहून दिला. “पावसाळ्यातच जा. तेव्हा तिच्याकडे कोणी फिरकत नाही.”

कागद घेताना सौमित्रला तिच्याकडे बघवेना.