कनकवल्लीअक्काची सरळ जोड

वेल्लोरच्या शारदांबाळना लेकीच्या लग्नाची साडी हवी होती ती मासिलामणीअण्णा आणि कनकवल्लीअक्काच्या हातची. त्यांची स्वतःची लग्नातली साडीही याच नवरा-बायकोनं विणलेली. "दुसऱ्या कुणाची गळ्यात मारलीस तर ओळखेन हं, वेदाचलम," असं माझ्या दुकानात बसून त्यांनी मला बजावलं होतं.

म्हणून अण्णांनी तयार साडी माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी ती नीट उलगडली. मोरपंखी अंग, कुंकवाचे काठ. उलटी करून पाहिली, मागचे धागे जिथल्या तिथं. किनारीला कापड ताणून धरणाऱ्या टोचण्यांची बारीक भोकं, माणसानं हातानं ताण देत विणल्याची. जरीचा धागा नखानं खरवडला, खाली लाल रेशीम. सुटा धागा जाळला, केस जळल्याचा वास आला, राख बोटांत चुरली. काठ एकीकडे आणि अंग एकीकडे ओढलं, जोड हूं की चूं करेना. हातमागाची, अस्सल, शंकाच नाही.

पण जोडीवरून बोट फिरलं आणि मी थबकलो.

काठ आणि अंग एकमेकांत गुंततात ती ही रेघ. आडवा धागा नेणारा मधला धोटा अण्णांचा, उजव्या काठाचा अक्काचा. दोघांची दिवसभर बडबड, टोमणे, रुसवे. तिला हसू फुटलं की धागा जरा सैल, त्यांना घाई झाली की जरा घट्ट. म्हणून त्यांच्या साडीतली जोड शेतातल्या पायवाटेसारखी, जाते नेमकी घरी, पण डुलत डुलत. ही मात्र दोरी धरून आखल्यासारखी.

"अण्णा, ही कुणाकडून विणून घेतलीत?"

अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काय बोलतोस?"

"माल खरा आहे. पण तुमचा नाही. शारदांबाळना मी ही तुमची म्हणून कशी देऊ?"

"ऊठ," अण्णा म्हणाले. "साडी घे आणि घरी चल. त्याच ताण्यावरची दुसरी मागावर आहे. डोळ्यांनी बघ, मग बोल."

अक्का ओट्यावर रेशमाच्या कांड्या भरत होती. मला पाहून म्हणाली, "वेदा, ये. आणि यांना सांग, ताक माठाशेजारी आहे."

अण्णा तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. ते म्हणाले, "तिला सांग, मला तहान नाही."

दोघं मागावर बसली. अण्णांनी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडले, अक्का उजव्या अंगाला टेकली. धोटे पळू लागले, फणी ठोके देऊ लागली. ना शब्द, ना हुंकार. शेजारच्या घरातला माग ऐकू यावा इतकी शांतता. आणि जोड उतरत होती तीच, केसभर न हलणारी.

साडी त्यांचीच होती तर.

"अक्का, झालंय काय?"

"यांनाच विचार. चहाच्या टपरीवर चारचौघांत त्या दुसऱ्या मागावरच्या पुनितवतीच्या हाताचे गोडवे कोण गात होतं?"

"गोडवे कसले? तिची जोड केसभर हलत नाही म्हणालो. एवढंच."

"आता माझीही हलत नाही. झालं समाधान?"

अण्णांनी ठोका अर्ध्यावर थांबवला. "समाधान? अगं, महिनाभर आपल्याच मागावर परक्या बाईशेजारी बसल्यासारखं वाटतंय मला."

"मग बसा की त्या पुनितवतीशेजारी!"

"तिचा नवरा तंगड्या मोडेल."

अक्कानं ओठ घट्ट मिटले. हसू नाकातून निसटलं. ते लपवायला तिनं धोटा फेकला आणि ठोक्यावर गुणगुणली,

*परक्या दारी सरळ जोड, पाहून आला राजा,*
*वाकड्या जोडीत गुंतलेला पाय सुटंना तुझा.*

अण्णा हसले तसा त्यांचा हात चुकला. मी वाकून पाहिलं. जोड एवढीशी डुलली होती.

"चुकलो अक्का, शंका घेतली," म्हणत मी तयार साडी काखेत मारली. "ही आजच वेल्लोरला धाडतो."

"ती खाली ठेव."

"अगं, अस्सल आहे की!"

"अस्सल आहे म्हणूनच. पदरापासून टोकापर्यंत तिच्यात माझा राग विणलाय, दुसरं काही नाही. मुहूर्ताला पोरीच्या अंगावर तो घालू? ती दुकानात लाव, आवडेल तिला दे. शारदांबाळच्या लेकीला ही मागावरची."

लग्नाला अजून वेळ होता, तेवढं बरं. तरी मी म्हणालो, "पण हिचाही हातभर भाग रागातच विणलात."

अक्कानं कापडावरून तळवा फिरवला. "हे आतलं टोक. ते कंबरेला खोचलं जाईल." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "थोडा राग बाईच्या कंबरेला खोचलेला असावा. लागतो संसारात."

"कनका," अण्णा म्हणाले, "धोटा टाक."

तिनं टाकला. मुद्दाम, जरा उशिरा. जोड पुन्हा डुलली.