ट्रॅकची मागची बाजू

नुसता कान... माणसाशिवायचा. चहाच्या बशीशेजारी पडलेला तो गुलाबी रबराचा तुकडा बारकीच्या कानाचा साचा घेऊन बनवलेला, त्यातून बारीक वायर निघालेली, आणि त्याच्या वळ्या इतक्या हुबेहूब की बोटाने चाचपताना आजीला वाटलं, नातीला लहानपणी न्हाऊ घालून पुसायचे तेव्हा पाणी इथेच राहायचं — अगदी इथेच, या खळग्यात, आणि मग कार्टी मान झटकायची. शर्यतीच्या गाडीत आजीचा आवाज पोचायचा तो या तुकड्यातून. आज तो घरीच राहणार होता. सकाळच्या सरावाला सगळ्यांनी रेडिओ बंद ठेवायचा, बघू तरी कसं वाटतं, असं शर्यती भरवणाऱ्या मंडळाचं म्हणणं. मंडळाला वाटून घ्यायची फार हौस.

“आई, ऐकतेयस ना?” थोरला समोर बसून मंडळाच्या सुधारणा सांगत होता. दुपारी टीमच्या मालकांची बैठक, तिथे मतासाठी हात वर करायचे. टीम तिच्या नावावर, आणि तिचा हात जिकडे जाईल तिकडे दोन-तीन छोटे मालक डोळे झाकून जातात, हे त्याला ठाऊक होतं, तिला तर होतंच.

“प्रेक्षकांचे स्टँड ओस पडलेत, आई. पहिल्या वळणालाच कळतं कोण जिंकणार. काहीतरी बदलायलाच हवं. एक असं आहे, जो जिंकेल त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला जादा वजन ठेवायचं.”

“शहाण्या सुनेवर सगळं काम टाकायचं, तसं. आपल्याकडे ते पूर्वीपासून आहे.”

सून चहा ओतता ओतता हसली, मग सासूकडे बघून थांबली.

“दुसरं, सुरुवात उलटी करायची. मागच्याला पुढे उभं करायचं.”

“मग सगळे मागे राहायला धडपडतील. पुढचं सांग.”

थोरल्याने बशीकडे बघितलं. “पुढचं रेडिओचं. बाहेरून गाडीत काहीही सांगायचं नाही. आपापल्या डोक्याने चालवायची. ही मागणी ड्रायव्हरांचीच आहे. सह्या केल्यात सगळ्यांनी.”

“आपल्या बारकीनेसुद्धा?”

थोरला चष्मा पुसायला लागला. एवढं पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

रेडिओवर टायर आणि पेट्रोलचं इंजिनिअर बोलायचा. मग लांब सरळ रस्ता आला की तो हेडफोनला लावलेला माइक तिच्याकडे वळवायचा, आणि ती म्हणायची, खांदे सोड. कधी म्हणायची, सकाळी जेवली नाहीस. पलीकडून ‘हं’ यायचं. घरी तेवढंही येत नसे. घरी बारकी फोनमध्ये डोकं घालून बसायची आणि आजी बोलायला लागली की पाणी प्यायला उठायची... गाडीतून उठून जाता येत नाही ना. ते ‘हं’ कुणी काढून घेतलं तर मग तिने करायचं काय, ट्रॅकच्या भिंतीशी उभं राहून टीमच्या पोरांना चहा विचारायचा?

सरावाला ती त्या भिंतीशी उभी राहिली. गाडी समोरून गेली — आवाज आधी अंगातून, मग कानातून — आणि टेकाडामागे नाहीशी झाली, आणि ते जुनं रिकामपण उतरलं, बारीक, लांबत जाणारं, दुपारच्या झोपेसारखं. हे गाडी चालवायचे तेव्हा रेडिओ नव्हता. फेरीला किती वेळ लागला ते त्यांना दिसावं म्हणून ती आकड्यांची पाटी बाहेर धरून उभी असायची. अंक तेवढे ती तिथेच शिकली. हे समोरून जायचे, मान किंचित हलायची, आणि मग टेकाडामागे. तिथे ते एकटे काय करत असतील ते तिला कधी दिसलं नाही. एकदा रात्री कुशीवर वळून विचारलं, तिकडे मागे गेलात की मनात काय असतं? म्हणाले, तिकडे कुणी नसतं, एवढंच. किती दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. चार माणसांत वाजतगाजत मला आणली, आणि जीव रमतो कुठे, तर जिथे कुणी नसतं तिथे! ते अंथरुणातच गेले, शांतपणे, तोंड भिंतीकडे करून, बहुतेक तिकडेच. पुढे रेडिओ आले तेव्हा हेडफोन सगळ्यांत आधी मी डोक्यावर चढवला. पुढच्या पिढीला अशी मोकळी सोडणार नव्हते मी.

गाडी आली, गेली. आली. तिचे ओठ हलत होते, खांदे सोड, खांदे सोड... शेवटी फेऱ्या संपल्या.

“कशा झाल्या?” तिने वेळ मोजणाऱ्याला विचारलं.

“रोजच्यासारख्याच, आजी.”

“वेळ जास्त लागला?”

“नाही.”

“मग कमी?”

“नाही हो, अगदी रोजच्याच.”

वाईट झाल्या असत्या तर दुपारी बैठकीत तिने सगळ्यांना सोलून काढलं असतं. चांगल्या झाल्या असत्या तर निदान कुणाला तरी दोष देता आला असता, स्वतःला का होईना. रोजच्यासारख्याच याचं काय करतात माणसं?

बारकीने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले. “आज्जी, मागच्या वळणाला गवत कापलंय. वास आतपर्यंत येतो.”

“आज कापलं असेल.”

“नाही गं, नेहमीच कापतात म्हणे. मला आज कळलं.” बोलण्यात खोच नव्हती, असती तर बरं झालं असतं.

“सही केलीस म्हणे.”

“केली.”

“मला विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस,” बारकी हातमोजे ओढत म्हणाली, “आणि मी ऐकलं असतं.”

बैठकीला अवकाश होता. ती कुंपणाच्या कडेकडेने चालत राहिली, चपलेत खडी जात होती, गुडघा कुरकुरत होता, आणि कुठे निघालोय हे टेकाडाला वळसा घातल्यावर तिला कळलं. इतकी वर्षं या जागेला मी सवत समजत आले. मनातल्या मनात नटवून ठेवली होती — सावली असेल, पाणी असेल, काहीतरी असेलच की, ज्यासाठी माणूस... आणि हे एवढंसं वळण. रबराचे काळे ओरखडे, एक वाकलेला खांब. वास तर तिला कसलाच आला नाही. इथून भिंत दिसत नव्हती, स्टँड नाही, पाटी धरून उभी राहायची ती जागा नाही. कुणीच नव्हतं. मग ती स्वतःही असल्यासारखी वाटेना, आणि त्यात घाबरण्यासारखं काही आहे का ते ती सावकाश बघत राहिली, नव्या घरातल्या खोल्या बघावं तसं.

पदराआड फोन वाजला.

“आई, आहेस कुठे? सगळे थांबलेत.”

“मागे आहे.”

“मागे म्हणजे कुठे?”

त्याला काय सांगणार? येते म्हणाले आणि उभीच राहिले. तिकडे गेल्यावर रेडिओच्या मागणीला हात वर जाईल की मांडीवरच राहील, मला कळत नव्हतं; माझं मलाच कळत नाही असं कधी झालेलं नव्हतं... आणि कुणी येऊन सांगावं, असंही वाटत नव्हतं.