दोन फायलींतला फरक

मोतीराम गावित पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नऊ वर्षं ऑपरेटर होता. १९९९च्या मार्चमध्ये एका दुपारी चार नंबरच्या खोलीचं दार उघडं राहिलं, परदेशी जाणारी द्राक्षं खराब झाली आणि त्याला काढून टाकलं. "दार मी लावलं होतं. रिपोर्ट मॅनेजरनं मागून बनवला," असं सांगत तो सुरगाण्याकडच्या आपल्या पाड्यावर परत गेला. तिथं कुणी वाद घातला नाही, पण विश्वासही ठेवला नाही. ठेवला तो फक्त त्याच्या मुलीनं.

रोशनी नाशिकला होस्टेलवर राहून शालिमारजवळच्या एका क्लासमध्ये सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होती. दोन वर्षांनी स्टोरेजमधली क्लार्क सरिता तिला शोधत आली. तिनं एक फ्लॉपी दिली.

"जुना कॉम्प्युटर काढून टाकताहेत. मशीन दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवायचं, ती फाईल यात आहे. त्या दिवसाच्या तापमानाचा मालकांना दिलेला रिपोर्टही आहे. माझं नाव मात्र घेऊ नकोस."

रिपोर्ट वाचता येत होता. मशीनची फाईल बायनरी. उघडली की नुसती विचित्र चिन्हं. क्लासच्या नवनाथ सरांनी समजावलं, की एक बाईट म्हणजे एक नोंद, तीही अंशाच्या दहाव्या भागात. पाच असेल तर अर्धा अंश. रोशनीनं आठवडाभर खपून ती फाईल मजकुरात उतरवणारा प्रोग्रॅम लिहिला. मग दोन्ही फायली ओळीला ओळ लावून पाहणारा दुसरा.

मंगळवारी फरक निघाला. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत सगळं सारखं. तिथं मशीनची फाईल संपत होती आणि रिपोर्ट मात्र तापमान चढवत पार अकरा अंशांपर्यंत गेला होता. म्हणजे पुढचं सगळं बनवलेलं. ती एसटीडी बूथवर धावली आणि पाड्याजवळच्या दुकानात फोन करून बापाला बोलावून घेतलं.

"बा, तू खरं बोलत होतास. माझ्याकडं पुरावा हाय."

तो म्हणाला, "परवा येतो मी. दोघं जाऊ मालकाकडं."

गुरुवारी सकाळी तिनं प्रोग्रॅम सरांना दाखवला. फाईल उघडायच्या ओळीपाशी ते थांबले.

"ही तू साध्या मजकुरासारखी उघडलीस. अशा वेळी सव्वीस हा आकडा आला, की कॉम्प्युटरला वाटतं फाईल संपली. रिपोर्टमध्ये तीन वीसला किती आहे?"

"दोन पूर्णांक सहा," ती म्हणाली. म्हणजे मशीनच्या फाईलमध्ये सव्वीस.

फाईल उघडायच्या ओळीत एकच अक्षर वाढवायचं होतं. तिनं वाढवलं. फाईल शेवटपर्यंत वाचली गेली. दोन्हींत एका ओळीचाही फरक नव्हता.

मोतीराम अकराला आला, इस्त्रीचा शर्ट घालून. तिनं त्याला क्लासच्या जिन्यातच सांगितलं.

"म्हणजे मशीनचं अन् कागदाचं एकच हाय?"

"हो. चूक माझी झाली, बा."

तो पायरीवर बसला. "मी लावलं होतं दार. कडीवरचा माझा हात आठवतो मला." थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "का तो आदल्या दिवसाचा हात हाय, काय माहीत. नऊ वर्षं रोजच लावायचो."

रोशनी रडायला लागली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सीबीएस स्टँडवर त्यानं दोनची गाडी सोडली, मग साडेतीनचीही.

"येताना जीपमधी सगळ्यांना सांगितलं मी सकाळी, पुरावा मिळाला म्हणून," तो म्हणाला. "शेजारच्या फुलाबाईनं तर कुंकू लावून पाठवलं. त्याच लोकांत बसून परत कसा जाऊ?"

पाचच्या गाडीत मात्र तो चढला. "तुझ्या आईला मी सांगतो. तू फोन करू नको," एवढंच खिडकीतून म्हणाला. गाडी हलली, तेव्हा तो पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत होता.