बदामाची नव्वी

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा खेळ आहे, पण माझ्याजवळ पत्ता एकही नाही. आहे तो तळहाताएवढा राखाडी पडदा आणि त्याखाली ओळीने पाच बटणं. पडद्यावर पाच पत्ते उमटतात. जो पत्ता धरून ठेवायचा त्याच्याखालचं बटण दाबायचं, बाकीचे सोडायचे, की त्यांच्या जागी नवे येतात. या खेळाला पोकर म्हणतात. समुद्रकाठच्या करमणुकीच्या दुकानांत माझे थोरले भाऊबंद उभे असतात आणि दिवसभर नाणी गिळतात. मी त्यांच्यातला नाही. मी फक्त गुण देतो, आणि तुम्ही जिंकलात तर एक छोटीशी धून वाजवतो. ती जरा बेसूर आहे, हे मला मान्य आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझी बटणं दाबून पाहिली, धून ऐकली आणि मान डोलावून मला खोक्यात बंद केलं. तेवढं कौतुक पुरवून पुरवून मी जहाजातला सगळा प्रवास केला. साउथहॅम्प्टनच्या बंदरात उतरलो आणि तिथल्याच एका दुकानात किल्ल्यांच्या गुच्छांशेजारी लटकून राहिलो. तिथून मला श्रद्धा नावाच्या एका मुलीने उचललं. पुण्याच्या विमानात बाबांना कंटाळा येतो, म्हणून तिला मी हवा होतो.

बाबा म्हणजे गिरीशराव. ते त्याच बंदरात कंटेनरच्या जहाजांचं वेळापत्रक आखायचे. हुशार माणूस, पण हाडाचे रमीवाले. रमीत मोठे पत्ते हातात राहिले तर गुण अंगावर येतात, म्हणून चित्रांचे पत्ते आधी टाकायचे, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. विमानात मी त्यांना पहिल्याच डावात दोन राजे दिले. माझ्याकडे गुलामापासून वरची कुठलीही जोडी आली की डाव जिंकलाच. गिरीशरावांनी शांतपणे दोन्ही राजे टाकले आणि बदामाची पंजी-छक्की धरून बसले. मला रडावं की हसावं कळेना.

चार-सहा डावांनंतर ते म्हणाले, "अनु, हा खेळ बिघडलेला आहे."

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, अनुराधाबाईंनी, मला हातात घेतलं, उलटं केलं आणि माझ्या पाठीवर छापलेलं वाचलं. "अहो, ही रमी नाही. इथे राजा-राणी टाकायची नसतात, धरायची असतात. तुम्ही घरच्या लक्ष्मीला बाहेर काढताय आणि वर खेळाला नावं ठेवताय."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण गिरीशरावांची विमान उतरेपर्यंत निम्मी गेली. उरलेली निम्मी अनुराधाबाईंनी पुढे घालवली. जोडी आली की ती धरायची. जोडीबरोबर एक्का दिसला तरी मोहात पडायचं नाही, कारण एक्का धरून ठेवला की तिसऱ्या जोडीदाराला यायला एक जागा कमी होते. हातात काहीच नसेल तर पाचही पत्ते बिनधास्त सोडायचे. हे शेवटचं गिरीशरावांना फार जड गेलं. एक तरी पत्ता धरल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. "सगळंच कसं सोडायचं गं," ते म्हणायचे.

मग माझे वाईट दिवस आले. घरात कंप्यूटर आला, पाठोपाठ फोन आले, आणि मी स्वयंपाकघरातल्या एका ड्रॉवरमध्ये गेलो. तिथे पिझ्झावाल्यांची पत्रकं होती, रबरबँड होते आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली होती. श्रद्धा शिकली, डॉक्टर झाली, तिचं लग्न झालं. हे मला ड्रॉवर उघडला की कानावर पडणाऱ्या बोलण्यावरून कळायचं. माझ्या बॅटऱ्या कुणीतरी काढून टॉर्चमध्ये घातल्या. मला वाईट वाटलं, पण तक्रार करायला तरी बॅटरी लागते.

गिरीशराव रिटायर झाले आणि घर आवरायला घेतलं तेव्हा मी पुन्हा उजेडात आलो. त्यांनी कान कोरायच्या काडीने माझ्या बटणांच्या फटी साफ केल्या, नव्या बॅटऱ्या घातल्या. धून वाजली तेव्हा अनुराधाबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "अय्या, हा जिवंत आहे?" तो क्षण मी विसरणार नाही.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. दुपारच्या चहाबरोबर एक डाव ते, एक डाव त्या. मधे टोस्ट, वर भांडण. एक्का का धरला, गुलाम का सोडला, यावरून दोघं इतके तावातावाने बोलायचे की शेजारच्या बाई कुंपणावरून विचारायच्या, सगळं ठीक आहे ना. आणि गिरीशराव आता खरोखर चांगलं खेळू लागले होते. काय धरावं आणि काय सोडावं, याचा अंदाज त्यांच्याइतका चोख मी कुणाचा पाहिला नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

गुरुवार मात्र सियाचा. सिया ही श्रद्धाची मुलगी, दहा वर्षांची, पोहण्यात पटाईत. गुरुवारी श्रद्धाची हॉस्पिटलात ड्यूटी असायची. अनुराधाबाईंना गाडी येत नव्हती. म्हणून सियाला शाळेतून आणून, खायला घालून पोहायला न्यायचं काम आजोबांचं. मी त्यांच्या कोटाच्या खिशात असायचो. गुरुवारी ते दाढी जरा जास्त मन लावून करायचे.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी काहीतरी बदललं. गिरीशराव मला घेऊन खिडकीशी बसू लागले. मग भरदिवसा दिवा लावू लागले. मग माझ्या बॅटऱ्यांना दोष देऊ लागले. चांगल्या चालत्या बॅटऱ्या दोनदा बदलल्या. मी मनात म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं. आता तसं म्हटल्याचं वाईट वाटतं. कधी ते म्हणायचे, "माझाही डाव तूच खेळ, मला कंटाळा आलाय." अनुराधाबाईंना वाटलं, वय झालं, लक्ष लागत नाही.

पण मी खिशात असायचो ना. साडेचारला अंधारून यायचं, समोरून गाड्यांचे दिवे यायचे, आणि गिरीशरावांचा श्वास जोरात व्हायचा. राउंडअबाउटच्या गोल चौकापाशी ते फार वेळ थांबायचे. मागून हॉर्न वाजायचे. सिया मागच्या सीटवरून म्हणायची, "आजोबा, गो ना, रस्ता क्लिअर आहे." आणि ते निघायचे, एका दहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांवर. मला बोलता येत असतं तर मी त्या दिवशीच बोललो असतो.

बोलायची वेळ एका गुरुवारी आली, आणि मी ती गप्प राहून साधली.

सिया टेबलाशी बसून पराठा खात होती. तिची शर्यत जवळ आली होती, त्यामुळे लवकर निघायचं होतं. चहा संपेपर्यंत एक डाव, म्हणून गिरीशरावांनी मला हातात घेतलं. मी त्यांना बदामाची तिर्री, बदामाची सत्ती, इस्पिकची सत्ती, चौकटची नव्वी आणि बदामाची राणी दिली. म्हणजे सत्तीची जोडी. दुसरं धरण्यासारखं त्यात काही नव्हतं. गिरीशरावांनी इस्पिक सत्ती सोडली आणि बाकीचे चारही पत्ते धरले. सोडलेल्या जागी बदामाची दश्शी आली.

ते खुशीत पाठ टेकून बसले आणि माझ्या धुनीची वाट पाहू लागले. मी गप्प.

"अनु, हा आता मोडीत काढायचा," ते म्हणाले. "पाचही पत्ते बदामाचे, फ्लश लागला, आणि हा मुक्यासारखा बसलाय."

सियाने वाकून पाहिलं आणि ती हसू लागली. "आजोबा, दॅट्स नॉट अ फ्लश. आणि तुम्ही सेव्हनचा पेअर तोडला. यू नेव्हर डू दॅट. तुम्हीच मला सांगितला होता."

अनुराधाबाईंच्या ओठांवर चेष्टा तयारच होती. "रमी परत अंगात आली वाटतं," असं म्हणत त्यांनी मला उचललं. पाहिलं. आणि पुढचं बोलायच्या थांबल्या. त्यांचा अंगठा माझ्या पडद्यावर एकेका पत्त्यावरून सरकत गेला आणि नव्वीवर थांबला. लाल पत्त्यांना माझ्याकडे रंग नाही, नुसती कडेची रेघ असते. बदामाला वर खाच असते, चौकटीला टोक असतं. फरक तेवढाच, तिळाएवढा.

"सिया, वर जाऊन तुझा टॉवेल घेऊन ये बाळा."

"टॉवेल माझी बॅगेत आहे, आजी."

"मग दुसरा आण."

ती गेल्यावर अनुराधाबाईंनी मला नवऱ्यासमोर धरलं. आवाज अगदी हलका. "ही नव्वी कसली आहे हो?"

"बदाम."

"चौकट आहे."

गिरीशरावांनी मला डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं, पुन्हा जवळ नेलं. "बॅटरी उतरली असेल."

"परवाच बदललीत." त्या त्यांच्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या. "ही नव्वी बदाम असती, तर चार बदाम झाले असते. मग सत्तीची जोडी मोडणं बरोबरच होतं. मीही तेच केलं असतं. तुम्ही चुकला नाहीत. तुम्हाला दिसलं नाही. कधीपासून दिसत नाहीये?"

गिरीशरावांनी मला टेबलावर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं; अनुराधाबाई शेजारी बसूनच होत्या.

"उन्हाळ्यापासून," ते म्हणाले. "धुकं असल्यासारखं वाटतं. पण स्विमिंगपूलचा रस्ता पाठ आहे मला, अनु. डोळे मिटून जाईन."

"रस्ता पाठ आहे, मान्य आहे. रस्त्यावर कोण आडवं येईल ते कुठे पाठ असतं?"

"गाडी गेली तर मी तिच्या काय उपयोगाचा?" ते म्हणाले. "श्रद्धा एवढं एकच काम माझ्यावर टाकते. बाकी सगळं तर तीच करते. तेवढंही गेलं, तर मी नुसता सोफ्यावर बसलेला म्हातारा."

अनुराधाबाईंनी वाद घातला नाही, समजूतही घातली नाही. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून. गिरीशरावांनी खिशातून किल्ली काढली आणि मुठीत धरून ठेवली. मित्रांनो, त्या माणसाला पाचही पत्ते सोडायला किती जड जायचं ते मी पाहिलं होतं. या किल्लीपुढे ते काहीच नव्हतं. जिन्यावर सियाची पावलं वाजली, तेव्हा त्यांनी मूठ उघडली.

"आज आपण बसने जायचं," अनुराधाबाई म्हणाल्या.

सिया रडकुंडीला आली. "बट वी विल बी लेट! कोच मला रेसच्या स्टार्टला ठेवणार नाही."

"होईल उशीर," गिरीशराव म्हणाले. "माझ्यामुळे होईल. मला नीट दिसत नाहीये, सिया. मी तुला गाडीतून नेणार नाही."

सियाने आणलेला टॉवेल खांद्यावर टाकला. मग तिने त्यांचा हात धरला आणि स्टॉपपर्यंत सोडला नाही. फुटपाथच्या कडा आल्या की सांगत होती, "स्टेप आहे, आजोबा." एवढ्या कडक पहाऱ्यात मी आजवर कुठे गेलो नव्हतो. पोहायला खरंच उशीर झाला आणि कोच खरंच रागावला.

तपासणीत गिरीशरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि हॉस्पिटलची रांग तर लांबलचक. श्रद्धा आधी भडकली, मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. गुरुवारचं काम तिने दुसऱ्या कुणाला दिलं नाही. आजोबा आणि नात बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून जाऊ लागले. मी आपला खिशात. कधी आजीही बरोबर असायच्या, तेव्हा त्या पत्ते वाचायच्या. "किलवर गुलाम, चौकट दुर्री, इस्पिक गुलाम..." आणि गिरीशराव डोळे मिटून सांगायचे, "धर. सोड. धर." डोळे गेले होते, अंदाज शाबूत होता. एवढं चांगलं ते कधीच खेळले नव्हते.

आता दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत. समोरच्या घराच्या गाडीचा नंबर ते दारातून मोठ्याने वाचून दाखवतात, कुणी विचारलेलं नसताना. गाडीची किल्ली परत त्यांच्याकडे आली आहे. गुरुवारी सिया मात्र बसच मागते.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी चुकीचा पत्ता धरून बसलेलं दिसलं, तर लगेच हसू नका. मी हसलो होतो. जरा त्यांच्या जागेवर बसून पाहा, त्यांना तिथून काय दिसतंय ते विचारा. आणि प्रश्न विचारल्यावर आमच्या अनुराधाबाईंसारखं जवळच बसून राहा, उत्तर यायला वेळ लागतो.

माझं म्हणाल, तर माझाच पडदा आता अंधूक झाला आहे. वयच झालं. बदाम आणि चौकट, दोन्हींच्या रेघा पुसट झाल्या आहेत. श्रद्धाने हाच खेळ टॅबलेटवर आणून दिला, मोठ्या रंगीत पत्त्यांचा. दोघांनी तिचे आभार मानले आणि तो सियाला देऊन टाकला. दुपारी चहा झाला की दोन पांढरी डोकी माझ्यावर वाकतात, थोडा वेळ वाद घालतात, आणि मग दोघं मिळून ठरवून टाकतात की ते बदामच आहे. निम्म्या वेळा ते चुकतात, आणि मग पुढचा डाव मागतात.