विटेचा आजार उतरला

सकाळी आठलाच बुवांच्या दाराशी शंभरेक चपला पडल्या होत्या आणि त्यांत माझ्याही होत्या. मी चमत्काराला आलो नव्हतो. ताईला रिक्षाने घरी न्यायला आलो होतो, पण चपलांना कोण विचारतो?

ताई माझी थोरली बहीण. तिच्या हाडांतला मगज रक्त बनवायचं विसरला होता. दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन रक्ताची बाटली चढवायची, असं वर्षभर चाललं होतं. पुढची बाटली गुरुवारी होती. बुवांची अट अशी, की एकवीस दिवस दवाखान्याचं तोंड बघायचं नाही.

बुवांपुढे घेवड्याच्या दोन कुंड्या होत्या. एकीतलं रोप त्यांनी ओल्या मातीतून अलगद उचललं. मुळं सुतळीसारखी स्वच्छ. "ही आंधळी कुंडी." दुसरीत त्यांनी पेरणीच्या वेळी काळं भस्म घातलं होतं. तिच्या मुळांना मुगाएवढ्या गाठी लगडल्या होत्या. एक गाठ त्यांनी नखाने चिरली. आत लालभडक.

"झाडाला रक्त फुटलं, मग माणसाला का फुटणार नाही?"

ताईने चिरलेली गाठ मुठीत धरली. बुवा बराच वेळ बोलले, बोलण्यात त्यांना घाई नसे. मूठ उघडली तेव्हा तांबडा तुकडा तपकिरी झाला होता.

"आजार त्यात उतरला, माई."

ताई माझ्याकडे बघून हसली. वर्षभरात ती इतकी मोकळी हसली नव्हती. मी जन्मभर वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून पोट भरलं, पण त्या दिवशी खाली मान घालून शंभर चपलांत तिच्या चपला शोधल्या.

ताईची मुलगी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि खुरपं घेऊन परसात गेली. आमच्याच घेवड्याच्या मुळाशी पाणी ओतलं, ढेकळासकट एक वेल काढला आणि बादलीत धुतला. मुळांवर गाठी. एक चिरली, तर लाल.

"जन्मभर घेवडा उपटतोय, कधी दिसल्या नाहीत त्या," मी म्हणालो.

"मामा, तुम्ही वेल वाळल्यावर उपटता, तोही दात उपटल्यासारखा. गाठी मातीतच राहतात."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती तो वेल घेऊन आम्हा दोघांसोबत बुवांकडे आली. एक गाठ चिरून तिने सगळ्यांसमोर विटेवर ठेवली. बुवा बोलत राहिले. गाठ तपकिरी झाली.

"विटेचाही आजार उतरला," मी म्हणालो. चौघे हसले. त्यांत बियाण्यांचा दुकानदारही होता. रांगेत त्याचा नंबर बारावा.

भाची म्हणाली, "या गाठींत जिवाणू राहतात. हवेतून खत बनवून झाडाला देतात. पण ऑक्सिजन जास्त झाला की त्यांचं काम बंद पडतं. म्हणून झाड हा लाल पदार्थ बनवतं, तो ऑक्सिजन धरून ठेवतो. आपल्या रक्तातल्या लाल रंगाचा चुलतभाऊच. गाठ चिरली, हवा लागली, की कापलेल्या सफरचंदासारखी काळवंडते. त्यात कुणाचा आजार नाही की बिजार नाही. भस्म म्हणजे बियाण्याला चोळायची जिवाणूंची पूड. आणि आंधळ्या कुंडीतली माती भाजलेली आहे, जिवाणू मरावेत म्हणून. मातीने बरबटलेली कढई मागच्या भिंतीशी पालथी घातलीय, बघून या."

रांगेतले दोघे जाऊन बघून आले. कढई होती.

"पूड माझ्याच दुकानातली," दुकानदार शांतपणे म्हणाला. "पण पाकिटात असते तोवर ती खत. बुवांच्या हातात गेली की भस्म."

बुवांनी डोळे मिटले. "पोर खरं बोलली. कृपा आता घरोघरच्या वेलांत उतरली."

रांग पुढे सरकली. दुकानदार अकरावा झाला.

घरी आल्यावर ताईने विचारलं, "म्हणजे गाठी आपल्या परसातही आहेत?"

"तेच तर सांगतेय, आई."

"मग त्या माणसाकडे जायलाच नको. उगाच रिक्षाची दगदग."

आम्ही मामा-भाची एकमेकांकडे बघून गालात हसलो. बुधवारी सकाळी मिक्सरच्या आवाजाने मी स्वयंपाकघरात गेलो. परसातला घेवडा मुळांसकट ओट्यावर होता आणि ताईच्या हातात गढूळ गुलाबी रसाचा पेला.

"बुवा लबाडच निघाला बाई," ती म्हणाली. "पण गाठीत रक्त असतं हे तर तूच दाखवलंस ना? एकवीस दिवस घरीच घेते."

"आई, ते रक्त नाही. आणि पोटात गेलेल्या रसाचं रक्त होत नाही. उद्या गुरुवार आहे."

"असू दे."

भाची दवाखान्याचं कार्ड हातात धरून बसली. दुसरं काही करता येईना म्हणून असेल, ती मला म्हणाली, "मामा, हे जिवाणू मुळाशी येतात ना, तेव्हा झाड आधी त्यांच्यावर जहाल ऑक्सिजनचा मारा करतं. कुणाही आगंतुकावर करतं तसाच. त्यांनी ओळखीची खूण द्यायची, ती झाडाला पटली की मारा आवरतो आणि दार उघडतं."

"म्हणजे घेवडासुद्धा आधी 'कोण आहे' म्हणून विचारतो."

"घेवडा विचारतो."

वाचकहो, तुम्हीही तेवढं विचारा. दारात चमत्कार आला की आधी ओळख मागा, आणि ती पटेपर्यंत कडी काढू नका. एकदा आत शिरलेला चमत्कार बाहेर काढणं आमच्याच्याने झालेलं नाही. बुवाला काढलं, तो मिक्सरमधून परत आला.

आज गुरुवार. रिक्षा दारात उभी आहे. भाचीने आईच्या चपला तिच्या पायांपुढे सुलट करून ठेवल्या आहेत. ताईने अजून पाय पुढे केलेला नाही.