वन्संची कुंडी

"दार लोट गं, वारं लागतंय," क्रोटननं मालनच्या कानाशी कुरकुर केली.

मालन ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसत होती. तिनं पायानंच दार लोटलं. कुंडी बोलते याचं तिला आता काही वाटत नसे. वन्संच्या आवाजात बोलते, याचा मात्र वीट आला होता.

सोनूआक्का, मालनची थोरली नणंद, इस्पितळात जाताना कुंडी तिच्या हवाली करून गेली होती. महाबळेश्वरची थंडी याला सोसायची नाही, मी येईतो जप, असं बजावून. पुढे एके दिवशी दिनकर, मालनचा नवरा, एकटाच परतला, हातात आक्काचा लाल स्वेटर घेऊन. काही न बोलता त्यानं तो झाडाला घातला आणि गुंड्या लावल्या. मालननं विचारलं नाही. अशी गोष्ट भावाच्या आधी भावजयीनं तोंडातून काढली, की गाव म्हणतं, हिलाच घाई झाली होती. शेजारीपाजारीही स्वेटरकडे बघत आणि हवापाण्याचं बोलत.

उन्हाळा त्यातल्या त्यात बरा जाई. कुंडी अंगणात, पेरूच्या विरळ सावलीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवी. पावसाळ्याच्या तोंडावर पाऊस अडवायला घराला गवताच्या झड्या बांधल्या की तिलाही वेगळी झडी लागे, आणि तिच्या मते ती तिरपीच बांधलेली असे. पाणी कमी पडलं तर घसा कोरडा, जास्त झालं तर मुळं कुजवतेस का म्हणून बोलणी. मालननं सख्ख्या आईचं इतकं केलं नव्हतं.

दिवाळी सरली की कुंडी आत येई, आणि घर आखडायला लागे. नवं पान फुटलं की घर वीतभर कमी. पहिल्या हिवाळ्यात माजघर गेलं, आतल्या फडताळासकट. पुढच्या हिवाळ्यात देवघर जाऊ लागलं, तेव्हा मालननं देव वेळीच काढून पिठाच्या डब्यात ठेवले. गेलेलं घर उन्हाळ्यात परत येत नसे. दिनकरला दाखवलं तर तो म्हणे, पूर्वीपासून एवढंच होतं.

यंदा पौषात उरली ती चूल आणि चुलीपुढं दोघांपुरती जागा. त्यातली एक कुंडीची. स्वेटरच्या बाह्या आता भरल्या होत्या. दिनकरनं घोंगडी उचलली आणि उंबऱ्याबाहेर अंथरली.

सकाळी मालननं दार उघडलं तर अंगणातलं गवत पांढरं झालं होतं. दवाचं बर्फ. दिनकरच्या मिशांवरही तेच. तो बसल्या जागी कुडकुडत होता आणि बरं वाटतंय म्हणत होता.

"आत या," मालन म्हणाली.

"जागा कुठाय?"

"चहाचं आधण ठेवलंय," आतून कुंडी म्हणाली, "पण आलं घातलं नाही हिनं."

मालननं पदर खोचला. कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि उंबऱ्यावर आणून ठेवली, निम्मी आत, निम्मी बाहेर. बाहेरच्या बाजूची पानं लगेच काळवंडायला लागली.

"मला नाही जमत आता," मालन म्हणाली. "एक तर तुम्ही आत याल, नाहीतर ही. बाहेर राहील तो उद्या सकाळी नसेल. तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

दिनकर उठला. मिशांवरचं बर्फ त्यानं पुसलं नाही. कुंडीपुढं उकिडवा बसून त्यानं लाल बाही हातात घेतली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरत असेल तशी.

"आक्का," तो म्हणाला, "तू गेलीस गं. माझ्यासमोरच गेलीस."

चुलीवर आधण उकळत होतं. मालननं पाहिलं, स्वेटरची गळ्याजवळची गुंडी आतून सुटली, मग तिच्या खालची.